भाजलेल्या पोटऱ्यांची कैफियत

मोटारसायकलीबद्दल आजवर जे जे लिहिले, गायले आणि चित्रित केले गेले आहे, त्यातले बहुतेक सगळे वाऱ्यावर आहे. केसांतून जाणारा वारा, छातीवर येणारा वारा, शर्टाचा फुगा करणारा वारा. जाहिरातीतला तो तरुण पाहा. डोंगरातल्या नागमोडी रस्त्याने एकटाच चाललेला असतो. पुढे ट्रक नाही, मागे बस नाही, डाव्या बाजूने घुसणारी रिक्षा नाही. आणि मुख्य म्हणजे त्या अख्ख्या डोंगरात एकही सिग्नल नाही.

सिग्नल सगळे आमच्याकडे आहेत. मे महिन्यातली दुपारची दीडची वेळ, पुण्यातला नळ स्टॉपचा चौक, समोर लाल दिव्यापाशी उलटे मोजले जाणारे आकडे, खाली मऊ पडलेले डांबर, डोक्यावर हेल्मेट आणि दोन मांड्यांच्या मध्ये पेटलेली शेगडी. या देखाव्यावर अजून कोणी जाहिरात काढलेली नाही.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. इंजिन तापते हा निसर्गाचा नियम आहे, मान्य. पण ते तापलेले इंजिन माझ्याच पोटरीला शेक देते, हा निसर्गाचा नियम नव्हे. ती कोणीतरी, कुठेतरी, थंडगार खोलीत बसून केलेली मांडणी आहे. आणि जी गोष्ट कोणी मांडली आहे ती कोणाला तरी हलवताही येते.

हे मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये बोलून दाखवले. तिथल्या मुलाने गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "काका, हे नॉर्मल आहे."

'नॉर्मल' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की माणूस पेढे वाटतो. तोच शब्द सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकला की समजावे, आता इथे आपल्याला बिलाशिवाय काही मिळणार नाही.

"अरे पण पाय भाजतो," मी म्हणालो.

"पाय जरा लांब धरायचा काका."

आता गाडी चालवायला शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी सांगतो की गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, त्याने तोल राहतो. म्हणजे गुडघे आत आणि पोटऱ्या बाहेर. हे दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळणारा प्राणी मी फक्त एकच पाहिला आहे, आणि तो पावसाळ्यात डबक्याच्या काठी बसलेला असतो.

मग पुढचे सल्ले. जाड जीन घाला. घोटा झाकणारे बूट घाला. गुडघ्याला ते पॅड मिळतात, ते बांधा. दुपारची गाडी काढूच नका. थोडक्यात काय, तर गाडीत दोष नाही, दोष पायात आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. उद्या एखाद्या कंपनीने झटका देणारी इस्त्री काढली तर ही मंडळी आम्हाला रबरी हातमोजे विकतील आणि वर सांगतील, "काका, करंट आहे म्हणजे इस्त्री चालू आहे."

हा जाळ येतो कुठून, ते एकदा पाहून घेऊ. शाळेतले भौतिकशास्त्र पुरते. एक लिटर पेट्रोलात साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. विजेच्या बिलावर असतात तीच ही युनिटे. चाळीसचे ॲव्हरेज देणारी गाडी ताशी चाळीसने चालवली तर तासाला एक लिटर जळते. त्यातला फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेली पावणेसात युनिटे म्हणजे नुसती ऊब. न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॅटचा धरला, तर आपण तीन गीझर चालू ठेवून, त्यांच्यावर मांडी ठोकून गावभर फिरत असतो. आंघोळ तेवढी घामाची होते.

गाडी पळत असते तोवर हे तीन गीझर जाणवत नाहीत, कारण समोरून येणारा वारा इंजिनाच्या पात्यांमधून जातो आणि बरीचशी उष्णता उचलून मागच्या माणसाच्या स्वाधीन करतो. त्या पात्या शोभेच्या नसतात. धातूची जास्तीत जास्त पाठ वाऱ्याला दाखवायची, एवढेच त्यांचे काम. पण वाऱ्यावर चालणारी ही व्यवस्था वारा थांबला की थांबते. सिग्नलला पेट्रोल कमी जळते हे खरे, पण चढ चढून आलेल्या इंजिनात साठलेली उष्णता आता वाट शोधू लागते. गरम हवा वर जाते. वर काय आहे? तुमची मांडी.

"म्हणून तर लिक्विड कूलिंग आले ना, मामा," असे माझा भाचा म्हणतो. आले, बाबा, आले. इंजिनाभोवती कूलंट फिरते, ते गरम होऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येते, आणि गाडी उभी असली की रेडिएटरचा पंखा आपोआप घुर्र करून सुरू होतो. इथवर सगळे छान. पण हा पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा पुढून ओढून मागे फेकतो. मागे कोण बसले आहे? त्यामुळे पूर्वी इंजिन नुसते तापत असे. आता ते तापते आणि फुंकर मारून सांगते. इंजिन गार राहते यात शंका नाही. इंजिनाला गार ठेवण्यासाठी माणूस वापरण्याची ही पद्धत मात्र मला मान्य नाही.

त्यात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यांच्याविरुद्ध माझी काडीची तक्रार नाही. माझी फुप्फुसेही याच शहरात राहतात. पण धूर स्वच्छ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो काही शंभर अंशांवर तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. म्हणून तो इंजिनाच्या जितका जवळ बसवावा तितका चांगला. म्हणजे एका शेगडीच्या शेजारी दुसरी भट्टी आली, आणि तीही घोट्यापाशी. भट्टी हवीच. प्रश्न एवढाच आहे की तिला आडोसा करायला पत्रा महाग झाला आहे काय?

आता मी एका इटालियन माणसाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव कोरादिनो दास्कानियो. हा मूळचा विमानविद्येचा अभियंता. १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जो कंपनीने त्याला एक स्वस्त दुचाकी करायला सांगितली. गंमत अशी की या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. बसायला अवघड, चेनचे तेल कपड्यांना लागते, टायर बदलायचा म्हणजे शिक्षा, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने १९४६ मध्ये मोटारसायकलीचे जे जे आवडत नव्हते ते ते काढून टाकले. इंजिन मांड्यांमधून उचलून मागच्या चाकाशेजारी नेले, त्यावर पत्र्याचे झाकण घातले, चेनला रजा दिली आणि पायांपुढे ढाल उभी केली. त्या गाडीचे नाव व्हेस्पा.

इंजिन झाकले म्हणजे वारा लागणार नाही, हे त्या विमानवाल्याला आपल्याहून जास्त कळत होते. म्हणून इंजिनाच्या फ्लायव्हीललाच पंख्याच्या पात्या. इंजिन फिरते आहे तोवर पंखा फिरतो. गाडी पळो की सिग्नलला उभी राहो. हीच गाडी पुढे आपल्याकडे बजाजने परवान्याखाली बनवली आणि १९७२ पासून तिच्या वंशातली 'चेतक' घरोघर गेली. चेतकचे गुण सांगावेत तितके थोडे आणि अवगुणही तसेच. नंबर लागायला वर्षेच्या वर्षे थांबावे लागे. सकाळी सुरू होण्यापूर्वी ती नमाज पढल्यासारखी एका कुशीवर वाकवावी लागे. इंजिनाचे वजन एका बाजूला, त्यामुळे चालही काहीशी मनस्वी. पण पोटरी भाजली म्हणून चेतकवाल्याने कधी गळा काढल्याचे ऐकिवात नाही. नेसत्या साडीनिशी, कडेवर पोर घेऊन, डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली बाई आणि उजव्या बाजूला झाकणाखाली इंजिन, अशी चोख वाटणी होती.

या गोष्टीवरून मी एक सिद्धान्त काढला आहे. मोटारसायकल ज्यांना अतिशय आवडते अशा माणसांना मोटारसायकल बनवू देऊ नये. प्रेमात पडलेल्या माणसाला चटका कळत नाही.

आणि ही केवळ जुन्या काळची रडकथा नव्हे. आजही बिनगिअरच्या साध्या स्कूटरच्या इंजिनावर तो पंखा आणि ते झाकण असते. म्हणजे भाजी आणायच्या गाडीला जे मिळते, ते तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या गाडीला मिळत नाही. जास्त पैसे दिले की जास्त शेक, हा हिशेब मला सौना नावाच्या प्रकारातच तेवढा ठाऊक होता.

भाचा यावर म्हणतो, "मामा, पॉवर हवी तर हीट येणारच." त्याचे निम्मे खरे आहे. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त उष्णता. स्कूटरचा पंखा भल्यामोठ्या इंजिनाला पुरणार नाही, आणि पंखा फिरवायलाही ताकद खर्ची पडते. पण हीट 'येणार' हे ठीक. ती 'इकडेच येणार' हे कोणी ठरवले? हार्ले-डेव्हिडसनचे उदाहरण घ्या. त्या गाडीचे मागचे सिलिंडर बरोबर मांडीखाली येते. तर त्यांनी अशी सोय काढली की गाडी उभी असताना इंजिन फार तापले तर मागच्या सिलिंडरचे पेट्रोलच बंद होते. पुढचे एकटे धडधडत राहते. काही गाड्यांना रेडिएटरमागे प्लॅस्टिकची पन्हळ असते. ती गरम हवा खाली आणि बाजूला वळवते. म्हणजे करायचे ठरवले तर करता येते. पन्हळ ही काही चंद्रावरून आणायची वस्तू नव्हे. कोकणातल्या प्रत्येक घराला आहे.

मला वाटते, खरी गोम हवामानात आहे. मोठ्या मोटारसायकलींचे पुष्कळसे शास्त्र थंड मुलुखात वाढले. तिथले लोक हँडलच्या मुठी गरम करायला वीज खर्च करतात. तिथे पोटरीला शेक मिळाला तर माणूस कंपनीला आभाराचे पत्र लिहील. आमचा भाचाही लडाखहून परत आला तेव्हा 'वर काय मस्त ऊब मिळते' म्हणून सांगत होता. जरूर मिळत असेल. पण वर्षातले आठ दिवस लडाख आणि उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस हडपसर असा ज्याचा हिशेब आहे, त्याची गाडी हडपसरसाठी बनवायला नको का?

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, हे आता सांगितले पाहिजे. १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी डुकरांच्या आणि काही धीट माणसांच्या कातडीवर प्रयोग केले. ४४ अंशांचा स्पर्श सहाएक तास टिकला तर कातडी भाजते, आणि ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात, असे त्यांनी दाखवून दिले. नागपूरला मे महिन्यात नुसती हवाच ४४ अंशांच्या वर जाते. त्या हवेत, तापलेल्या इंजिनावर, पाठीला डबा बांधून दिवसातले आठ-दहा तास फिरणारी पोरे आपण रोज दारात पाहतो. ती डोंगरात वारा खायला गाडी चालवत नाहीत. 'पाय लांब धर', 'दुपारची गाडी काढू नको' हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्यालाच तर जेवण दुपारी लागते.

आणि ती लहान मुले. बाबा गाडी लावतात, पोरगे उजव्या बाजूने घसरत उतरते आणि सायलेन्सरला पोटरी टेकते. अशा भाजण्यावर पहिले वीस मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी सोडावे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. हे सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे आणि एकाही आजीला मान्य नाही. आपल्या मोटार वाहन नियमांनी मागे बसणाऱ्याच्या कपड्यांची काळजी वाहिली आहे, बरं का. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकलेले असावे, मागच्याला धरायला मूठ असावी, पाय ठेवायला जागा असावी, असे त्यात लिहिले आहे. साडीचा विचार झाला. आता साडीच्या आतल्या माणसाचाही व्हावा. गाडीच्या माहितीपत्रकात ॲव्हरेज छापतात, टॉर्क छापतात, सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापतात. 'चाळीस अंशांच्या उन्हात, उभ्या गाडीवर, दहा मिनिटांनंतर पोटरीपाशी तापमान अमुक' असा आकडा मी अजून पाहिलेला नाही. तो छापायला लावा, म्हणजे बघा पन्हळी कशा भराभर फुटतात.

तोवर करायचे काय? आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचे शास्त्र मला कंपनीच्या शास्त्राहून बरे वाटते. तो पहिल्यांदा चाक उचलून हाताने फिरवतो. ब्रेक घासत असेल, चेन कोरडी किंवा फार ताणलेली असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिन उगाच जोर लावते आणि उगाच तापते. मग तो रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि पाखरांचे अवशेष काढतो, कूलंटची पातळी पाहतो, ऑइल पाहतो. बेंड पाइपावर मध्ये थोडी फट सोडून दुसरा पत्रा बसवून देतो; त्या फटीतली हवा आडोशाचे काम करते. पाइपाला कापडी पट्टी गुंडाळायला मात्र तो तयार नसतो. "साहेब, पावसात ती पाणी धरते, आतून पाइप सडतो." थंड जातीचा प्लग टाकून गाडी गार होते या समजुतीवर तो नुसताच हसतो, प्लगचे टोक तेवढे गार राहते, इंजिन होते तसेच. कन्व्हर्टर कापून टाका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो शेजारच्या गॅरेजचा पत्ता देतो. आणि तापलेल्या इंजिनावर बाटलीतले पाणी ओतणाऱ्या पोरांना तो जे शब्द वापरतो ते इथे छापता येणार नाहीत. धातू तडकण्याची भीती असते एवढेच त्याचे सभ्य भाषांतर.

सगळ्यात गुणकारी उपाय फुकट आहे. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून मोठा असेल तर इंजिन बंद करावे. हे स्वतःहून करणाऱ्या गाड्याही आपल्याकडे २०१४ पासून आहेत. साठलेली उष्णता थोडा वेळ वर येत राहते हे खरे, पण नवी भर तरी पडत नाही, पेट्रोल वाचते आणि शेजारच्याचे नाकही. अडचण एकच. दिवा हिरवा होण्याच्या तीन सेकंद आधी मागची सगळी जनता हॉर्न वाजवू लागते, आणि त्या गदारोळात आपली गाडी सुरू झाली आहे की नाही हे आपल्यालाच ऐकू येत नाही.

आणि नवी गाडी घ्यायची असेल तर संध्याकाळी सात वाजता, गारेगार शोरूममध्ये, बंद गाडीवर बसून ती पसंत करू नका. दुपारी बाराला जा. वीस मिनिटे गर्दीतून फिरवून आणा. दारात उन्हात उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि पाच मिनिटे नुसते बसून राहा. घरच्या मंडळींना मागे बसवा. मग खाली उतरून तिथल्या मुलाला म्हणा, "आता तू बस."

मागच्या उन्हाळ्यात मी तीन शोरूममध्ये हा प्रयोग केला. पहिल्या दोन ठिकाणचे दोघे "साहेबांना विचारून येतो, काका" म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. तिसरा होतकरू होता, बसला. सव्वातीन मिनिटांनी उतरला, पँटचे दोन्ही पाय चिमटीत धरून झटकले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुम्ही स्कूटर बघता का?"